जयरामचं राहिलेलं लगीन

तुंगारचा डोंगर उतरून बायजा पाड्यावर आली की गोखिवऱ्याची कुत्रीसुद्धा भुंकायची विसरतात, असं जयराम लोकांना सांगायचा. थापच ती, पण ऐकणाऱ्याला खरी वाटायची. म्हातारी दिसायला एवढीशी, वाळल्या काटकीसारखी. पण गायला बसली की भलेभले पुरुष ताडीचा पेला खाली ठेवायचे. वारल्यांचं लगीन भटजी लावत नाही, धवलेरी म्हणजे लगीन गाणारी बाई लावते, आणि या अंगाला धवलेरी म्हटली की बायजाच. तिचं गाणं झालं नाही तर नवरानवरीने नुसतं मांडवात बसावं आणि उठून घरी जावं!

जयरामच्या लेकीचं, उन्नतीचं लगीन होतं. दोन हजार तीन-चारचं साल असेल. जयराम गोखिवऱ्यातच पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात कामाला, पोरगी दहावी पास, नवरामुलगा पारोळचा, रिक्षा चालवणारा. बापाने हौसेने मांडव घातला, लाउडस्पीकर लावला, डोंगरावर बायजाला आवतण धाडलं. वऱ्हाड दुपारी यायचं होतं. सगळं कसं झकास चाललं होतं.

बायजा सकाळीच उतरली. सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवाचा चौक लिहिला होता, त्याच्यासमोर ती पाय पसरून बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि जयरामकडे बघून म्हणाली, "तुजं लगीन कोनी लावलं रे?"

झालं! म्हातारी आता विसरली असेल, अशी जयरामची आशा होती. तो आणि उन्नतीची आई लाडकी वीसेक वर्षं एका चुलीवर जेवत होते, पण त्यांचं लगीन कोणी गायलंच नव्हतं. पाड्यावर याची कोणाला लाज नव्हती. कितीतरी जोडपी आधी संसाराला लागतात, लगीन मागाहून सवडीने. जयरामची सवड मात्र आज नाही उद्या, उद्या नाही परवा, अशीच राहिली. आणि रीत अशी, की आईबापाचं लागल्याबिगर लेकराचं लागत नाही.

"बायजाआये, आता ऱ्हाऊ दे ना ते," त्याने हात जोडले. "या वयात बाशिंग बांधलं तं व्याही हसतील मला."

"हसू दे की. दात हायेत त्यांना." बायजाने उठायला जमिनीवर हात टेकला. "नाय बसायचं तं नको बसू. मी चालली वर."

उन्नतीचा चेहरा उतरला. अंगाला हळद लागलेली, आणि धवलेरी उठून चाललेली! "बाबा, बस ना रे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "ती गेली तर माझं लग्न कोण लावणार?"

लाडकी चुलीपाशी भात उतरवत होती. ती आली, पदराला हात पुसले आणि चौकासमोर जाऊन बसली. मग जयरामची काय बिशाद? तोही बसला. पोरींनी खिदळत दोघांना हळद फासली, त्याच्या कपाळाला बाशिंग बांधलं. जयराम मान खाली घालून बसला. हे एकदाचं आटपू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

बायजाने डोळे मिटले आणि सूर लावला. मोठा नव्हता तो, पण मांडवातली कुजबूज आपोआप बंद पडली. तिने धरतरीला हाक मारली, दाण्यागोट्याच्या देवीला, कणसरीला हाक मारली, डोंगरावरच्या वाघोबाला बोलावलं, आणि सवाशिणी एकेक ओळ तिच्यामागून गात गेल्या. हेच गाणं जयरामने शंभर लग्नांत पेंगत ऐकलं होतं. आज त्याच्या अंगावर काटा आला. मग बायजा त्याच्या घरातल्या मेलेल्या माणसांकडे वळली. ताडावरून पडून गेलेला त्याचा बाप आला, आई आली, लाडकीची माणसं आली. म्हातारीने हाक मारावी आणि त्यांनी कूस बदलून उठावं, असं काहीतरी. जयरामला मागे वळून बघायचा धीर होईना. बाप मांडवाच्या मेढीला टेकून उभा असेल, अशी त्याची खात्रीच झाली होती.

आणि मध्येच गाणं थांबलं.

"पयला पोरगा ऱ्हायला," बायजा म्हणाली. "बहिनीच्या लगनाला भाव नको? पन बिननावाच्याला हाक कशी मारू? नाव सांग, बापा."

उन्नतीच्या आधी जयराम-लाडकीला एक मुलगा झाला होता. बायजाच सुईण होती तेव्हा. पोर चारच दिवस जगलं. जयरामने त्याला फडक्यात गुंडाळून ओहोळाकाठी पुरलं, घरी येऊन पाय धुतले, आणि त्या दिवसापासून नवराबायकोने त्याचा विषय काढला नव्हता. उन्नतीला तर आपल्याला भाऊ होता हेही ठाऊक नव्हतं.

"देव दारात उभे हायेत," बायजा म्हणाली. "गानं तुटंल. बोल."

कुठलं नाव सांगणार? नाव ठेवलंच नव्हतं. रस्त्यावर वऱ्हाडाच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. आता गाणं मोडणार, आणि आपल्या पोरीचं लगीन आपल्याच मुकेपणाने मोडणार!

"सुकऱ्या," लाडकी म्हणाली.

जयरामने मान वळवली. "कदी ठेवलंस?"

"सुक्करवारी झालेला ना? तवाच ठेवलं." ती चौकाकडेच बघत होती. "रोज हाक मारते मी त्याला. चुलीपाशी. मनात."

वीस वर्षं एका छपराखाली काढली, आणि आपल्या लेकाला नाव आहे हे बापाला आज कळत होतं. बायजा त्या दोघांसाठी थांबली नाही. तिने ते नाव जसंच्या तसं उचललं आणि गाण्यात ओवलं: ये रे सुकऱ्या, चार दिसांच्या पावन्या, बहिनीच्या मांडवी ये. सवाशिणींनी ओळ उचलली. उन्नतीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, आणि मग तीही गाऊ लागली. वऱ्हाड दाराशी येऊन थबकलं. व्याही हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

जयराम तोंडातल्या तोंडात ओळ म्हणायला गेला, तर त्याला हुंदकाच आला. बाशिंग वाकडं झालं, हळद ओघळली, सगळ्या पाड्यादेखत तो ढसाढसा रडला. लाडकीने त्याचा हात धरला. रडता रडताच त्याने आपल्या पोराला पहिल्यांदा नावाने हाक मारली.