बेटावरचा दहावा

कावळा चौथ्यांदा परत फिरला.

पिंडापासून हातभर अंतरावर तो उतरला होता. तेवढ्यात आंब्यावरच्या घरट्यातून शिक्रा पक्षी झेपावला आणि कावळा ओरडत धरणाच्या पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेला. बेटावर जमलेली माणसं पुन्हा मागे सरकून बसली.

"रखमाजीचं मन कशात तरी अडकलंय," सीतारामभाऊ म्हणाले. भावकीत तेच वडीलधारे. "विकास, बोल काईतरी. शब्द दे बापाला."

विकासने भादरलेलं डोकं खाली घातलं. "आबा, आईला मी सांभाळीन."

कावळा आला नाही.

"प्रेरणाला लय शिकवीन."

तरी नाही.

मुक्ताबाई दगडावर बसून होती. नवरा गेल्यापासून दहा दिवसांत ती रडली नव्हती. कोणी चहा दिला की पीत होती, ऊठ म्हटलं की उठत होती.

आंदर मावळातलं त्यांचं जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा देवळाची टेकडी तेवढी पाण्यावर राहिली. दहाव्याला माणसं अजूनही होडीने तिथेच येत. रखमाजी शाळेत शिपाई होता. एकतीस वर्षं त्याने घंटा दिली. निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्यात तो मुलांना होडीत घालून या आंब्याखाली आणायचा. शिक्र्याची मादी घरट्यात बसते, शिकार नर आणतो. पण तो घरट्यात येत नाही, वाळक्या फांदीवर बसून हाक मारतो, मादी तिथे जाऊन घास घेते. हे तो इतक्या हळू सांगायचा की मुलंही कुजबुजत विचारायची. नराने काय आणलं, किती वाजता, सगळं वहीत लिहायचा. यंदाची शेवटची ओळ होती, 'पिल्लं तीन. पांढरी लव.' पुढचं पान कोरं होतं. ती वही, चष्मा आणि तंबाखूची डबी आज पिंडाशेजारी मांडली होती.

"शिक्रा शिवला तर चालंल का?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"त्यो भात खात न्हाई," प्रेरणा म्हणाली. रखमाजीची ही दहा वर्षांची नात. "सरडा, उंदीर, टोळ. आबांनी सांगितलंय."

ऊन डोक्यावर आलं. होडीवाल्याने दोनदा हाक मारली. विकास उठला आणि त्याने होडीतला बांबू आणला.

"घरटंच पाडतो. त्याबिगर कावळा यायचा न्हाई."

"पिल्लं हायेत त्यात!" प्रेरणा आडवी आली.

"अन् माझा बाप? त्यो असाच लटकत ऱ्हाऊ दे व्हय?"

सगळ्यांनी मुक्ताबाईकडे पाहिलं. त्या वहीवरून ती नवऱ्याला नेहमी बोलायची. शाळा सुटली तरी पाखरांची हजेरी सुटंना, म्हणायची. आता बराच वेळ ती आंब्याकडे बघत राहिली.

"बांबू होडीत ठिव," ती म्हणाली. "भाऊ, दर्भाचा कावळा करा."

"मुक्ता, लोक जलमभर बोलतील. रखमाजीला कावळा शिवला न्हाई म्हनतील."

"म्हनू द्या."

भाऊंनी दर्भाला गाठ मारून कावळा केला आणि पिंडाला टेकवला. माणसं चपला शोधत होडीकडे निघाली. विकास बांबू धरून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात वाळक्या फांदीवरून हाक आली. नर आला होता. त्याच्या पायात काहीतरी लोंबत होतं. घरट्यातून मादी उठली.

मुक्ताबाईने पिंडाशेजारची वही उचलली. तिला लिहिता येत नव्हतं. तिने ती नातीच्या हातात दिली.

"काय आनलंय त्यानं?"

"सरडा, आजी."

"मंग लिव्ह की."

प्रेरणाने वहीच्या शिवणीत अडकवलेली पेन्सिल काढली. "किती वाजले?"

मुक्ताबाईने लेकाकडे पाहिलं. विकासने मागे न वळता मोबाइल तेवढा पाठीमागे धरला.