उतरताना दगड, चढताना पाणी

बत्तीस वर्षं मी एसटी चालवली, गंगाखेड डेपोत. डेपो मॅनेजर झाले, साहेब लोक झाले, मी कुणाच्या बापाला घाबरलो न्हाई. घाबरतो ते फक्त आत्याला. पार्वतीबाई तिचं नाव. वय त्र्याऐंशी, दात तीन, शब्द एक. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तवापासून हिनंच मला वाढवलं. तिचा शब्द खाली पडू द्यायची माझी छाती होत न्हाई, आन् म्हणूनच हे सगळं झालं.

आमचं शेत गंगाखेडच्या खाली, डोंगराच्या उताराला हाय. वर माळ, खाली ओढा, आन् मधे आडवा दगडी बांध. अडीचशे पावलं लांब, छातीएवढा उंच, वर मांडी घालून आरामात जेवता येईल एवढा रुंद. गावात इचारलं तर म्हणतील, पांडवांनी एका रात्रीत घातला. आमच्याकडं ज्याचा करणारा सापडत न्हाई ते सगळं पांडवांच्या नावावर.

माझे गुडघे आता साथ देईनात. शेजारचा बन्सीधर म्हणला, अप्पा, शेत दहा वर्षं ठोक्यानं द्या, वर्षाला ठरले पैसे देतो, मी करतो. फक्त तेवढा बांध मोडू, म्हंजे वरचं-खालचं एक होईल आन् हार्वेस्टर सरळ फिरंल. मी हो म्हणलो.

आता माझी लेक अनुपमा. एकुलती एक. परभणीला शेतीचं शिकली, चार वर्षं बियाण्याच्या कंपनीत राहिली आन् होळीच्या टायमाला नोकरी सोडून घरी आली. म्हणली, अप्पा, शेत बन्सीकाकाला कामून द्यायचं? मला द्या, मी करते. आन् मी काय म्हणावं? म्हणलो, आपल्या घराण्यात शेत पोरीकडं जात नसतंय, मूळपुरुष बसवेश्वरापासून कधी गेलं न्हाई. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोरगी रडली न्हाई का भांडली न्हाई. पण त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलायली, आन् ते मला लय लागायलं.

सोमवारी जेसीबी येणार असं ठरलं. आदल्या मंगळवारी आत्याच्या कानावर गेलं. तिनं मला बोलावलं आन् म्हणली, "ईश्वरा, तो बांध कुणाचा हाय ते आधी सांग. मग मोड."

मी म्हणलो, पांडवांचा. ती म्हणली, मग जा, पांडवांना इचारून ये.

मला असा राग आला! पण गेलो. मनात म्हणलं, निजामाच्या काळात दुष्काळी कामं निघायची, त्यातलाच असल हा बांध. एक कागद दाखवला की म्हातारीचं तोंड बंद. तहसीलला दोन खेटे घातले तवा आमच्या नंबरचा जुना कागद निघाला, सगळा उर्दूत. त्याची झेरॉक्स घेऊन स्टँडमागं राहणाऱ्या उर्दू शाळेच्या रिटायर मास्तरांकडं गेलो. जन्मभर माझ्याच गाडीनं परभणीला जायचे ते.

मास्तरांनी चष्मा पुसला, कागदावर बोट ठेवलं आन् वाचलं, मल्लम्मा, बेवा. म्हंजे विधवा. मी म्हणलो, मास्तर, चुकीचा कागद असल, आमचा मूळपुरुष बसवेश्वर. मास्तर शांतपणे म्हणले, असल की अप्पा, पण कागदावर बाई हाय. जमीन पडीक आन् दगडाळ. सात वर्षं सारा माफ, तेवढ्यात दगड काढून पेरणीला आणायची, न्हाई तर सरकारजमा. जामीन म्हणून भाऊ, राहणार झरी. दुष्काळी कामाचं नावसुद्धा न्हाई.

खाली दुसऱ्या शाईत आणखी एक ओळ होती. मल्लम्मानं जित्यापणीच पुढचं नाव लावलं होतं, बसम्मा, दुख्तर.

"दुख्तर म्हंजे?"

"लेक," मास्तर म्हणले.

आन् बसवेश्वर कुठं? तो सगळ्यात खाली सापडला, बसम्माच्या पोराच्या नावापुढं, बाप म्हणून. घरजावई! मल्लम्मा आन् बसम्मा दोघी एकाच साली गेल्या. मास्तर म्हणले, मानमोडीचं साल ते, साथीत घरंच्या घरं साफ झाली. सांगणाऱ्या दोघी बी गेल्या, पोरगं बापाच्या माणसांत वाढलं, आन् बायांची नावं तिथंच पुसली. मी चहाचा कप हातात धरून बसलो. शेत पोरीकडं जात नसतंय, असं मी म्हणलो होतो. इथं तर शेत आलंच पोरीकडून. मला माझीच लाज वाटली.

घरी आत्यानं इचारलं, कळलं का? मी म्हणलो, सोमवारी सांगतो. आज कोणत्या तोंडानं सांगू?

शुक्रवारी झरीला गेलो. जामीन राहिलेल्या भावाचं घर इचारत इचारत सापडलं. त्या घरातली लेक कडूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. नव्वदीची, पण नजर साफ. मल्लम्माचं नाव काढलं आन् तिचा हात थांबला. म्हणली, ह्या नावानं इचारत कुणी येईल असं वाटलं नव्हतं मला. तिची आजी म्हंजे मल्लम्माच्या बहिणीची लेक, पुढं मामाच्याच घरात सून म्हणून आलेली. लहानपणी त्या आजीनं दोन उन्हाळे मल्लम्माजवळ माळावर काढले होते.

कडूबाई सांगत गेली, मी ऐकत गेलो. माळावर गेल्यावर वर्षाच्या आत नवरा वारला. कडेवर लेक. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला गेला तर म्हणली, पेरणी होऊ दे. दुसऱ्या वर्षी गेला तर म्हणली, रास होऊ दे. तिसऱ्या वर्षी भावानं गाडी जुंपलीच न्हाई. मल्लम्माकडं बैल नव्हते. माळावर नांगर घातला तरी दगडाला लागून मोडला असता. आन् पाणी सगळं खाली ओढ्याला. प्यायला, लेकराला, रोपाला, थेंब अन् थेंब डोक्यावर चढवून न्यायचा.

"माझी आजी तिला म्हणली, मावशे, दगड वेचायला माणसं लाव की," कडूबाई म्हणली. "तर ती म्हणली, मी दिवसातून इतक्या बारीला ओढ्याला जाते, मग उतरताना डोकं रिकामं कामून ठेवू? उतरताना दगड, चढताना पाणी."

रिकामी घागर काखेला, दगड डोक्यावर. अर्ध्या वाटेत दगड टाकायचा, खाली जाऊन घागर भरायची, वर यायचं. पुढं चालणाऱ्या बसम्माच्या हातात बी लिंबाएवढा एक दगड. एका टायमाला एकच. मरेपर्यंत.

माझ्या अंगावर काटा आला. कारण आमच्या घरात दस्तूर हाय की शेतात रिकामं उतरायचं न्हाई. वाटेत एक दगड उचलायचा आन् बांधावर टाकून पुढं जायचं. आठ वर्षांचा असताना मी एकदा हात हलवत उतरलो तर वडिलांनी निरगुडीच्या फोकानं पोटऱ्या लाल केल्या होत्या. कामून, ते त्यांना बी ठावं नव्हतं. मला तर अशी सवय जडली की डेपोतल्या माडीवरून उतरताना बी मी कुणाचा तरी चहाचा गिलास, बादली घेऊनच उतरायचो. कंडक्टर हसायचे, अप्पाला हमालीची हौस. काखेत कळसा आन् गावाला वळसा, दुसरं काय!

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. ड्रायव्हर माणूस, किलोमीटरशिवाय मला काही उमगत न्हाई. माळापासून ओढा तीनशे मीटर धरा. दिवसाला आठ खेपा म्हंजे पाच किलोमीटर, उतरताना बांधापर्यंत डोक्यावर दगड आन् चढताना पाणी. तीस वर्षं धरली तरी पन्नास हजार किलोमीटर झाले. मी त्याच्या कैक पट केले, पण ते बुडाखाली इंजन घेऊन, आन् रिटायर होताना माझा सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. तिला काय मिळालं? पांडवांनी घातला म्हणून लोकांनी तिचं नाव सुद्धा ठेवलं न्हाई.

तसाच घरी न जाता शेतात गेलो. दिवस कलायला आला होता. साठ वर्षं तो बांध मी पाहिला, पण त्या दिवशी पहिल्यांदा हात लावून पाहिला. मोठा दगड, त्याच्या फटीत लहान दगड, मोठा, लहान. खालच्या थरातले लहान दगड लिंबाएवढे होते. वर चढत गेलं तसे पेरूएवढे झाले, पुढं नारळाएवढे. लेक वाढत गेली तशी! अन् बांधाच्या वरच्या अंगाला माती कमरेएवढी खोल. आमची काळी जमीन, आमची काळी जमीन, असं मी जन्मभर सांगत आलो. कसली आमची? पावसात वाहून जाणारी माती तिनं मूठ मूठ अडवली होती. मी तिथंच बसलो आन् रडलो. दुःखानं न्हाई. एवढं मोठं माणूस आपल्या रक्तात हाय हे मला सोसेना.

सोमवारी जेसीबी आला. मागून बन्सीधर मोटारसायकलवर. ड्रायव्हर पोरानं इचारलं, अप्पा, कुठून सुरू करू? मी उत्तर द्यायच्या आत वरून अनुपमा येताना दिसली. ओढ्याकाठच्या विहिरीवर मोटार चालू करायला निघाली होती. माझ्याकडं बघितलं न्हाई, जेसीबीकडं बी न्हाई. ओठ घट्ट मिटलेले. ज्या बांधावर आज मशीन फिरणार त्याच्याजवळ आली, हातातला दगड एका फटीत बसवला, हलत न्हाई ना ते दाबून पाहिलं आन् खाली उतरून गेली.

बन्सीधर हसला. म्हणला, पोरगी येडी का खुळी, मोडायच्या बांधाला दगड लावायली.

मी म्हणलो, "बन्सीधर, मशीन माघारी घेऊन जा. मालकीण न्हाई म्हणती."

तो म्हणला, आत्या का? म्हातारीचं काय एवढं मनावर घ्यायचं! खरं काय ते सांगायला मला आधी दुसरीकडं जायचं होतं. मशीन धूळ उडवत गेलं आन् मी घराकडं चढलो. गुडघे लय दुखायले, पण थांबलो न्हाई.

आत्या चुलीपुढं भाकरी करत होती. मी उंबऱ्यात बसलो आन् तिला सगळं सांगितलं, मास्तरांचा कागद, कडूबाई, घागर, लिंबाएवढे दगड, सगळं. तव्यावरची भाकर करपली तरी तिनं उलटली न्हाई. शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले आन् पुन्हा तेच इचारलं.

"मग बांध कुणाचा म्हणायचा, ईश्वरा?"

"आपल्या अनूचा," मी म्हणलो. "शेत बी तिचंच. आज तलाठ्याकडं जातो."

आत्यानं दुसरी भाकर थापली, भाजली, फडक्यात बांधली, वर कांदा ठेवला आन् माझ्या हातात दिली.

"तिला देऊन ये आधी," ती म्हणली. "रिकामा उतरू नको."