उघडता येतो म्हणून घेतला

जरा त्या टेबलाखाली बघा. एका बाजूने काच असलेली काळी पेटी दिसतेय ना? त्या काचेआड चार नळ्या, एक पंप आणि तांब्याच्या दोन जाळ्या घेऊन जो ऐटीत बसलाय, तो मी. संगणकाचा कूलर बोलतोय. कूलर म्हटलं की लोकांना गवताच्या ताट्या लावलेला खडखडता डबा आठवतो. त्या डब्याचं आणि माझं काही नातं नाही. तो खोली थंड करतो, निदान तसं सांगतो. मी फक्त संगणकाचं डोकं थंड ठेवतो, आणि सांगत बसत नाही, ठेवून दाखवतो.

तुम्ही म्हणाल, फार बढाई मारतोय. मारतोच आहे. यंदाच्या उन्हाळ्यात काय झालं ते ऐकलंत की तुम्हीही मला एवढी सूट द्याल.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर तयार झालेले बहुतेक कूलर कायमचे बंद होते. आत पाणी भरायचं, तोंड बुजवायचं, झालं. मी वेगळा निघालो. माझ्या जाळीच्या वरच्या अंगाला एक झाकण आहे, ते फिरवून काढलं की आत पाणी भरता येतं. माझ्या नळ्यांचे सांधे आट्यांचे आहेत. ते सोडवून मध्ये आणखी एक जाळी बसवता येते, आणखी एखादा तापट भाग माझ्या पाण्याखाली आणता येतो. थोडक्यात, मला वाढवता येतं. कुठे गळतो का ते पाहायला कारखान्यात माझी कसून तपासणी झाली. मग जहाजाने मुंबईला आलो आणि तिथून टेम्पोने रत्नागिरीला. त्या रस्त्याने माझे सांधे जेवढे तपासले तेवढे कारखान्यातही कुणी तपासले नव्हते.

मारुती मंदिराजवळ सागरचं संगणकाचं दुकान आहे. तिथल्या मधल्या फळीवर मी किती तरी दिवस पडून होतो. माझ्या डावीकडे रंगीत दिव्यांचा एक बंद कूलर होता, उजवीकडे नुसत्या हवेवर चालणारा भलाथोरला पंखेवाला. पोरं यायची, दिव्यांसमोर थबकायची, त्यालाच घेऊन जायची. सागर प्रत्येकाला माझ्याबद्दल सांगायचा. पोरं विचारायची, “ह्याला लाईट नाय?” नाही म्हटलं की विषय संपला. शेवटी शेवटी तर सागर माझ्या खोक्यावर चहाचा ग्लास ठेवू लागला. मला फार लागलं ते, पण बोलतो कुणाला?

मग एप्रिलच्या एका सकाळी वेदिका दुकानात आली. ती आणि सागर एका वर्गातले. घामाघूम होऊन ती पंख्याखालच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “सागर, माझा संगणक काम अर्धं झालं की बंद पडतोय. तापतोय रे. आता काय ते तूच बघ.”

त्या बसल्या बैठकीत मला तिची सगळी हकीकत कळली. वेदिका मुंबईत एका स्टुडिओत कामाला होती. सिनेमातले समुद्र, पूर, वादळं बऱ्याचदा संगणकावर तयार होतात, ते तयार करणाऱ्यांतली ती एक. वडील गेले आणि आई, मालनताई, रत्नागिरीच्या घरात एकटी राहिली, तेव्हा वेदिका घरी आली ती परत जायचं नाही असं ठरवूनच. तिच्या स्टुडिओतला वरिष्ठ दर्शन माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला होता, “एक काम तिथून करून दाखव. ठरल्या दिवशी आलं तर तिथेच राहा, मी कुणालाही समजावीन. नाही आलं तर मात्र मुंबईत हजर हो, मला दुसरं काही करता येणार नाही.”

काम होतं समुद्राचं. एक होडी भर लाटांतून खाडीच्या तोंडात शिरते, एवढंच दृश्य. पण संगणकाला सर्वांत जड काय जात असेल तर पाणी. लाट फुटते तेव्हा तिच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब त्याला करावा लागतो, आणि तो करता करता त्याचं डोकं भणाणून जातं.

सागरने तिघांचीही खोकी खाली काढली, आणि सवयीने चहाचा ग्लास परत माझ्यावर टेकवला. पंखेवाल्याला तिने हातात घेऊन पाहिलं आणि ठेवून दिलं. “हा बसेल, पण उद्या ग्राफिक्स कार्ड तापलं तर हा त्याला काय करणार?” मग दिवेवाला. सागर दुकानदार असूनही खरं बोलला. “ह्यात पाणी एकदाच भरलेलं असतं. काही वर्षांनी ते कमी होतं, मग उचलून टाकायचा. मध्ये बिघडला तर मुंबईला पाठवायचा.”

“आणि हा?” तिने माझ्यावरचा चहाचा ग्लास बाजूला केला.

“हा उघडता येतो. पाणी घालता येतं, वाढवता येतो. पण बसवायची कटकट हाय. कोण घेत नाय.”

वेदिकाने मला खोक्यातून काढलं, माझं झाकण फिरवून पाहिलं, परत घट्ट बसवलं आणि म्हणाली, “मुंबईला पाठवायचं आणि वाट बघत बसायचं, हे मला परवडणार नाही. जे इथे बसून माझ्या हाताने उघडता येईल तेच मला हवंय. हाच दे.”

त्या वेळी दिवेवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. मी पाहिलं नाही. मी परत खोक्यात जाऊन आनंदाने वेडा झालो होतो.

घरी माझं स्वागत मात्र बेतास बात झालं. मालनताईंनी कमरेवर हात ठेवून मला न्याहाळलं. “काय गो बाय, करंट आणि पाणी एकाच पेटीत? घरात दोघीच तर हाव आपण.”

“आई, पाणी नळीच्या आत असतं. बाहेर येत नाही.”

“असंल. मी नाय हात लावणार हिला.” आणि त्यांनी खरोखरच लावला नाही. केर काढतानाही त्या माझ्याभोवती वळसा घालून जायच्या.

मी कामाला लागलो. पंप घुमू लागला, पाणी फिरू लागलं, संगणकाच्या डोक्यातली धग मी जाळीपर्यंत वाहून नेऊ लागलो आणि पंखे ती बाहेर फेकू लागले. संगणक बंद पडायचा थांबला. भर दुपारी पत्रे तापलेले असताना, बाहेर कुत्रीसुद्धा सावली सोडत नसताना, वेदिकाच्या पडद्यावर लाटा एकामागून एक उभ्या राहू लागल्या.

त्याच खोलीत मालनताईंनी आंब्याची आढी घातली होती. भाताच्या पेंढ्यात हापूस मांडलेले, आणि माझा गरम वारा नेमका त्यांच्यावर. झालं काय, माझ्या बाजूचे आंबे इतरांच्या आधी पिकले. मालनताई दुरूनच म्हणाल्या, “ह्या पेटीचा एक तरी उपेग झाला.” लाटांचं काही नाही, आंब्यांचं कौतुक. पुढे पेंढ्याच्या काड्या माझ्या पंख्यांत अडकायला लागल्या तेव्हा वेदिकाने आढी पलीकडे सरकवली, आणि मग मायलेकींची थोडी बोलाचालीही झाली. मी मध्ये पडलो नाही.

काम पुढे सरकलं तसं शेवटचं दृश्य आलं. होडी खाडीच्या तोंडाशी येते आणि तिथल्या उथळ रेतीवर लाट फुटते. वेदिकाने ती लाट बारीकसारीक फेसासकट मांडली, कारण तिने ती गावाशेजारच्या भाट्याच्या खाडीवर लहानपणापासून पाहिली होती. संगणकाच्या डोक्याला मी सांभाळत होतो, पण आता पडद्यावरची चित्रं रंगवणारा दुसरा भाग, ते ग्राफिक्स कार्ड, भयंकर तापू लागलं. ते माझ्या ताब्यात नव्हतं. संगणक पुन्हा मध्येच मान टाकू लागला. शुक्रवारी दुपारी काम पोचायचं होतं आणि गुरुवार उजाडला होता.

गुरुवारी सागर दुसरी जाळी आणि कार्डावर बसवायचा तुकडा घेऊन घरी आला. दोघांनी माझे सांधे सोडवले. ज्या कारणासाठी मला निवडलं होतं, ते कारण आता समोर होतं. मी वाढलो. दोन जाळ्या, चार नळ्या, संगणकाचं डोकं आणि कार्ड दोन्ही माझ्या पाण्याखाली. पाणी भरायची वेळ आली तेव्हा दारातून मालनताई म्हणाल्या, “विहिरीचं घाल की. गोडं पाणी हाय आपलं.”

“ह्याला बॅटरीचं पाणी लागतं गो आई,” म्हणून वेदिकाने इन्व्हर्टरसाठी आणलेला कॅन उघडला. दोघांनी पंप फिरवून पाहिला. पाणी फिरलं, सांधे कुठे गळले नाहीत. सागर खुशीत घरी गेला.

शुक्रवारी सकाळी वेदिकाने शेवटची लाट सुरू केली आणि माझ्या पोटात गुडगुड झाली. आधी थोडी, मग जास्त. पंप फिरत होता, पण पाणी पुढे जाईना. जणू मला उचकी लागली होती. धग जाळीपर्यंत पोचेना. संगणक तापला आणि बंद पडला. खरं सांगतो, मी घाबरलो. एवढ्या ऐटीत निवडून आलेला मी, आणि माझ्यामुळेच ही पोर मुंबईला परत जाणार, हा विचार मला सहन होईना.

वेदिकाने सागरला फोन लावला. तो सामान आणायला कोल्हापूरला निघाला होता आणि आंबा घाटात त्याला रेंज नव्हती. दर्शनला फोन करून मुदत मागावी असं तिच्या मनात आलं असावं, कारण तिने फोनवर त्याचं नाव शोधलं आणि मग फोन उलटा ठेवून दिला.

नंतर तिने संगणकाचं बाकी सगळं बंद ठेवून फक्त माझा पंप चालू केला आणि काचेला कान लावला. गुडगुड, मग नुसती घरघर, मग परत गुडगुड. ती एकदम ताठ झाली आणि हाक मारली, “आई, लवकर ये. हिने हवा धरलीय.”

मालनताईंच्या माहेरी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने घरापर्यंत येतं. पाइप मध्येच एखाद्या धोंड्यावरून उंच गेला की तिथे हवा अडकते आणि पाणी थांबतं. मग कुणी तरी जाऊन पाइप हलवायचा, उचलायचा, हवा मोकळी करायची. आजोळी सुट्टीत हे काम वेदिकाकडे असायचं, आणि तिच्याआधी अर्थातच मालनताईंकडे. हवा धरलीय म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजवावं लागत नाही.

मालनताई आल्या. पेटीपाशी थांबल्या. मला वाटलं, आता वळसा घालणार. त्यांनी पदराला हात पुसले आणि विचारलं, “कुठली बाजू उचलू?”

“करंटची भीती?”

“ती मागनं बघू. काम जायला हवं ना तुजं?”

दोघींनी पेटी उचलली. आधी पुढून वर, मग मागून, मग एका अंगावर. पंप चालूच होता. मालनताईंनी वजन पेललं आणि वेदिका नळ्यांवर बोटांनी टिचक्या मारत राहिली. माझ्या पोटातला बुडबुडा इकडून तिकडे पळत होता. “झाकणाची बाजू वर धर गो,” वेदिका म्हणाली. धरली. बुडबुडा माझ्या जाळीच्या टोकाला येऊन थांबला. तिने पंप थांबवला, झाकण फिरवलं, आणि अडकलेली हवा सुस्कारा टाकून निघून गेली. पाणी खाली गेलं तेवढं तिने वरून भरलं. झाकण लावून पुन्हा पंप, पुन्हा उचलणं, पुन्हा झाकण. अखेर माझा आवाज इतका शांत झाला की मालनताईंनी घाबरून विचारलं, “बंद पडली काय?”

“नाय गो. वाहायला लागली.”

मी वाहायला लागलो. काय वाहिलो म्हणून सांगू! दोन्ही जाळ्या भरून, दोन्ही तापट डोकी काबूत ठेवून, एकदाही न अडखळता. वेदिकाने खाडीच्या तोंडावरची लाट परत सुरू केली. ती उभी राहिली, वळली, रेतीवर येऊन फुटली, आणि होडी तिच्यावरून आत शिरली. मालनताई पडद्यासमोर बसून बघत होत्या. “भाट्याचीच लाट हाय ही,” त्या म्हणाल्या. काम दुपारी, ठरल्या वेळेत गेलं.

दर्शनचा फोन आला तेव्हा वेदिकाने तो आईला ऐकू जाईल असा ठेवला. तो म्हणाला, “खरी लाट टाकलीस की काय मध्ये? इथे सगळे विचारतायत, कॅमेरा कुठे लावला होता.” मग म्हणाला, “वेदिका, तू तिथेच राहा. समुद्राचं काम यापुढे तुझ्याकडेच येईल.”

मालनताई उठून आत गेल्या, ओला फडका घेऊन आल्या आणि माझी काच पुसली. वळसा घालून नाही, समोर बसून, चारही कोपरे. मी आजवर ज्या ज्या हातांतून गेलो, त्यांत मला हा हात सर्वांत जास्त आवडला.

आता माझं बरं चाललंय. अधूनमधून माझं झाकण उघडतं, पाणी बघितलं जातं, पंख्यांवरची खारी धूळ झटकली जाते. हे काम मालनताईच करतात, आणि शेजारणी आल्या की “हवा धरते हो कधीमधी” असं जाणकारीने सांगतात. एक विनंती करतो, वाचकहो. वस्तू घेताना तिचे दिवे बघा, जरूर बघा, पण तिचं झाकणही एकदा फिरवून बघा. तुमच्या गावात, तुमच्या हाताने उघडत असेल तर ती तुमची.

बाकी आता आटोपतं घेतो, घरात गडबड आहे. मुंबईच्या त्याच स्टुडिओत इकडच्याच नाटे गावची गोदा नावाची मुलगी कामाला होती. ती लाट पाहून तिने वेदिकाला फोन केला होता, “तुझ्या खोलीत आणखी एक टेबल मावंल काय?” वेदिकाने विचार न करता सांगितलं होतं, “मावेल. ये.” तिची गाडी आता स्टँडवर लागेल. ह्या घरातली माणसं आजवर स्टँडवर गेली ती मुंबईला निघालेल्याला सोडायला, नाही तर चार दिवसांसाठी आलेल्याला आणायला. आज मायलेकी चपला घालून निघाल्यात त्या कायमची राहायला येणाऱ्या मुलीला आणायला.