टेम्पो सरकारजमा

निडी स्टेशनाच्या अलीकडे वनखात्याच्या माणसांनी टेम्पो अडवला, तेव्हा तो सगुणाचा धाकटा भाऊ पुंडलिक चालवत होता. ताडपत्रीखाली विनापरवाना तोडलेले खैराचे ओंडके निघाले. गाडी मात्र सगुणाच्या नावावर होती. पेणच्या कारखान्यांतल्या गणपतीच्या मूर्ती गावोगाव पोचवायला नवऱ्यामागे तिनं ती घेतली होती.

पुंडलिकवर रोह्याच्या कोर्टात केस लागली. गाडीचं प्रकरण वनखात्याकडे वेगळं चाललं आणि चार महिन्यांनी टेम्पो सरकारजमा झाला. सुनावणीची नोटीस पुंडलिकच्याच हातात दिली होती. त्यानं घाबरून ती गादीखाली ठेवली. सगुणाला सगळं कळलं ते आदेश निघाल्यावर.

"गाडी तुमची, तर नोटीस तुम्हाला यायला हवी होती," ऋतुजा वकील म्हणाल्या. "एवढ्यावर अपील टिकेल."

टिकलं, पण दोन वर्षांनी. तोवर वडखळला एसटी बदलून अलिबागच्या कोर्टात ती किती वेळा गेली, तिलाच आठवत नव्हतं. कधी सरकारी वकील नसत, कधी रोह्याहून कागद आलेले नसत. शेवटी न्यायाधीशांनी आदेश रद्द केला आणि मालकिणीचं म्हणणं ऐकून नव्यानं निर्णय द्यायला सांगितलं. म्हणजे पुन्हा रोहा.

सुनावणीच्या आधी ऋतुजांनी दोघांना समोर बसवलं. "तुम्हाला काही माहीत नव्हतं, हे पटवावं लागेल, ताई. पुंडलिकनं न विचारता चावी नेली असेल, तर काम सोपं होईल."

"तसंच सांग गो बाय," पुंडलिक म्हणाला. "मी पण लिहून देतो. एक केस हायच, चोरीची दुसरी लागली तर लागली."

सगुणानं सुनावणीची तारीख तेवढी विचारून घेतली.

रोह्याला वनखात्याच्या कचेरीच्या आवारात टेम्पो उभा होता. टायर बसलेले. हौद्यात मूर्तींखाली अंथरायचा पेंढा कुजून काळा झाला होता. ती थोडा वेळ तिथं थांबली, मग आत गेली.

अधिकारी शांतपणे विचारत होते. "त्या दिवशी भावानं तुम्हाला विचारून गाडी नेली?"

"व्हय. चावी मीच दिली."

ऋतुजांनी मान वर केली.

"काय वाहणार आहे, ते विचारलंत?"

"नाय. भाडं हाय म्हणाला. त्याआधी एकदा हौद्यात ताडपत्री नि लाकडाची सालं दिसली होती. जळाऊ लाकूड नेलं, म्हणाला. जळाऊ लाकडावर कोण ताडपत्री बांधतो, साहेब? मला कळलं होतं. मूर्तींची भाडी तेवढी मिळत नव्हती. गप्प बसले."

कारकुनानं लिहून घेतलं. तिनं सही केली.

बाहेर आल्यावर ऋतुजा पायरीवरच बसल्या. "दोन वर्षं आपण कशासाठी भांडलो, ताई?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं, मॅडम. आज विचारलं."

तीन आठवड्यांनी आदेश आला. टेम्पो पुन्हा सरकारजमा. आणखी एक अपील करता येईल, असं ऋतुजांनी फोनवर सांगितलं. सगुणा नको म्हणाली. तोवर ती एका कारखान्यात मूर्ती घासायच्या कामाला लागली होती.

संध्याकाळी पुंडलिक आला. त्यानं आदेश वाचला, तिचा जबाब होता तिथं थांबला, परत वाचला.

"माझ्यावर का नाय ढकललंस?"

"तुझ्यावर हाय तेवढं पुरे." तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं. हाताला लागलेली पांढरी भुकटी अजून पुरती निघाली नव्हती. "गुरुवारी तुझी तारीख हाय ना? मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"बसेन," ती म्हणाली. "सवय झालीय. जेव आता."