सांध्यावरची फळी

स्केटबोर्डची शर्यत अकराला होती आणि साडेआठपासून मी मामाच्या गॅरेजात येरझाऱ्या घालत होते. गुडघ्यांना पॅड, काखेत हेल्मेट. बेकरीच्या गुलाबी खोक्यातला गोड पाव उचलला, एक घास घेतला आणि तसाच परत ठेवला.

"जमीन झिजवशील," एलिसेओ मामा म्हणाला. "बस की जरा."

"नाही बसवत."

गेल्या दोन वर्षांत शर्यतीच्या याच उतारावर, तिसऱ्या वळणाला, मी दोनदा फळीवरून उडी टाकली होती. वेग वाढला की फळी डावीकडे ओढायची. पण सांगणार कुणाला? एलिसेओ मामाच्या फळीला नावं ठेवणारा माणूस आमच्या सान पेद्रो गावात अजून जन्माला यायचाय. बंदरातली नोकरी सांभाळून तीस वर्षं तो स्केटबोर्डच्या फळ्या करतोय. भोकं तोच पाडतो, ट्रकही तोच बसवतो. ट्रक म्हणजे खालची चाकं धरणारे दोन धातूचे आस. ते सरळ आणि मधोमध बसले नाहीत, तर वर कितीही तयारीचा माणूस असो, उतारावर त्याचं काही चालत नाही. दुकानांत यासाठी पट्टी, दोरा, साचा घेऊन बसतात. मामा उजवा डोळा मिटतो, फळीच्या टोकावरून नजर टाकतो आणि ड्रिल चालवतो. "दोरा आंधळ्यांना लागतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

म्हणजे दोष माझाच. "मागचा पाय कचरतो तुझा," दोन्ही वेळा तो म्हणाला होता. "नाचता येईना, अंगण वाकडं." मलाही ते पटायला लागलं होतं. चौतिसाव्या वर्षी मी भित्री झाले होते. आज तिसऱ्यांदा उडी टाकली तर पुन्हा त्या उतारावर पाय ठेवायचा नाही, असं ठरवूनच आले होते.

मामानं यंदाच्या फळीचा शेवटचा नट आवळला. आता परीक्षा. गॅरेजच्या सिमेंटमध्ये भिंतीपासून दारापर्यंत एक सरळ सांधा आहे. त्यावर फळी ठेवायची, रिकामीच ढकलायची. सांधा धरून गेली की पास. मामानं ढकलली. फळीनं अर्ध्यातच सांधा सोडला, डावीकडे वळली आणि कपडे धुण्याच्या मशीनवर आपटली.

"गेली सरळ," हात पुसत मामा म्हणाला.

"सरळ? मशीनवर आपटली ती!"

"मग जमीन उतरती असेल."

"आता अंगण वाकडं का, मामा?"

तो हसला नाही. मी बेकरीच्या खोक्याला लोंबणारा लाल दोरा काढला आणि फळीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध ताणून चिकटवला. मागचे चार बोल्ट दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर होते. पुढचे चार चक्क तिरके, चांगले दोन मिलिमीटर. माझं डोकं फिरलं.

"दोन वर्षं मला भित्री म्हणालास! हे बघ!"

मामा वाकला. आणखी वाकला.

"दोरा कुठाय?" त्यानं विचारलं.

काळ्या फळीवर लाल दोरा, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर. मी त्याचं बोट धरून दोऱ्यावर ठेवलं. दोऱ्यावरून ते सावकाश पुढे गेलं, या बाजूचे बोल्ट चाचपले, मग त्या बाजूचे. बोटाला कळलं.

"कधीपासून?"

"डावा डोळा जाऊन दोन वर्षं झाली. नेम धरायची सवय त्याचीच. आता उजवाही त्याच वाटेवर आहे."

"मामीला माहितीये?"

"तिला सांगितलं असतं तर तिनं ड्रिल विकून टाकलं असतं."

"माझा पाय कचरत नव्हता, हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यांदा नव्हतं. दुसऱ्यांदा शंका आली होती."

"मान मोडली असती माझी."

"हो," तो म्हणाला.

हेल्मेट भिंतीवर भिरकावून द्यावंसं वाटलं. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"माळ्यावर एक कोरी फळी आहे," मामा म्हणाला. "भोकं तू पाड."

मी दोरा ताणला, दोन्ही टोकांना त्यानं अंगठे दाबून धरले. मी रेघ मारली, ट्रक रेघेवर ठेवून खुणा केल्या, दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदाही मोजल्या. मग भोकं पाडली आणि बोल्ट आवळायला घेतले. "एकच बोल्ट पिळत बसू नकोस," तो म्हणत राहिला. "समोरासमोरचे कोपरे घे. थोडा हा, थोडा तो. नाहीतर सरकतो."

शेवटचा नट बसला तसा मामा दाराशी गेला. बुटानं सांधा चाचपला आणि त्यावर दोन्ही पाय जुळवून उभा राहिला.

"ढकल."

मी ढकलली. चाकं सांध्यावरून घरघरत निघाली. मामा तिच्याकडे बघत नव्हता, मान कलती करून नुसता ऐकत होता. फळी गेली आणि त्याच्या दोन बुटांच्या मधोमध टेकली.

तो वाकला, फळी उचलून माझ्यापुढे धरली. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं.

"आता कचरला, तर तो तुझा पाय."

"चालेल," मी म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसून बुटाची नाडी बांधली.