माझ्या झाकणावरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. प्रार्थनामंदिरात, व्यासपीठाच्या डाव्या हाताला माझी जागा. पायाने भाता हलवायचा, हाताने पट्ट्या दाबायच्या, की मी गाते. म्हातारपणी माणूस निवतो म्हणतात. मी मात्र संतापलेय, आणि का ते आज सांगूनच टाकते.

सुताराने मला शिसवी लाकडात घडवलं. किती लग्नं लागली माझ्या सुरांवर, किती बाप्तिस्मे झाले! "काय गोड पेटी आहे हो," म्हणत लोक मला थोपटायचे. मग भाता फाटला आणि मी दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागले. तेव्हा यांतला एकही फिरकला नाही. वर चादर टाकली आणि दिलं कोपऱ्यात ढकलून.

मला उठवलं ते चामडेवाल्याने. तो आणि त्याची बायको परमुलखातून कामाला आलेले, रंगाने काळेभोर. त्यांना पुढच्या बाकावर कुणी सरकून जागा देईना, म्हणून ते कायम शेवटच्या बाकावर. त्याने एक कातडं आणलं. अर्धं कमावून मऊ केलं आणि माझा भाता शिवला, उरलेलं ताणून ढोल मढवला. म्हणजे ढोल माझा सख्खा भाऊच की!

उपासनेत त्याने तो ढोल वाजवला, बायकोने टाळ्या वाजवत गीत म्हटलं, तर मंडळीच्या सेक्रेटरींच्या कपाळाला आठ्या. "हा काय धांगडधिंगा! आपल्या पेटीचा काही मान आहे की नाही?" ढोल कोठीत गेला, किल्ली यांच्या खिशात. अहो, मला विचारलंत कधी? डोळ्यांत खुपतो त्यांचा रंग आणि नाव पुढे करता माझं!

गेल्या आठवड्यात चामडेवाला वारला. शवपेटी माझ्याशेजारीच ठेवली होती.

"साहेब," त्याची बायको म्हणाली, "आमच्यात ढोलाशिवाय माणसाला मातीत ठेवत नाहीत. एकच गीत होऊ द्या."

"पेटी आहे ना? शिस्तीत होऊ दे," सेक्रेटरी म्हणाले. पाळकसाहेब पुस्तकाची पानं चाळत राहिले. असले मुके पाळक काय कामाचे!

ती मागे जाऊन बसली. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही शेवटच्याच बाकावर!

मला वाजवणाऱ्या मावशींनी पाय काढून घेतले आणि माझं झाकण धाडकन लावलं. "हिचा भाता त्यानं शिवलाय. किल्ली काढा, नाहीतर मी वाजवत नाही."

"मग वाद्याविनाच होऊ द्या," सेक्रेटरी खिशावर हात दाबून म्हणाले.

तेव्हा चामडेवाल्याची बायको उठली. तरातरा माझ्यापाशी आली आणि दोन्ही हातांनी माझ्या झाकणावर ठेका धरला. रडत होती, गात होती. माझ्या पोटातला सूर न् सूर थरथरला. मावशींनी टाळी धरली, मागून आणखी कुणीकुणी धरली. सेक्रेटरी ओरडत होते, पण ऐकतंय कोण!

तिच्या अंगठीचा एक लांब ओरखडा माझ्या झाकणावर उठलाय. काल सेक्रेटरी पॉलिशवाल्याला घेऊन आले. म्हणे, पेटीची काळजी घ्यायला हवी. खबरदार! काळजी घ्यायचीय ना? मग आधी कोठीचं कुलूप काढा, पुढच्या बाकावर सरकून बसा. आणि मित्रांनो, त्या ओरखड्याला कुणालाही बोट लावू देऊ नका. भाऊ कोंडला होता, म्हणून त्याच्या जागी मी वाजले, त्याची ती खूण आहे.