रांगोळीतलं वनस्पतिशास्त्र

उधना उपनगरातल्या चाळीत नूतनची ठिपक्यांची रांगोळी बघायला बायका मुद्दाम वळसा घालून यायच्या. हाच गुण कॉलेजात आडवा येईल, हे कोणाला ठाऊक?

जयश्री मॅडम पुण्याहून कसलंसं शिबिर करून आल्या आणि पाठांतरावर उखडल्या. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला म्हणाल्या, उत्तरं नकोत, संकल्पना-नकाशा काढा. चौकटीत एकेक शब्द, मध्ये बाण, बाणावर त्यांचं नातं. नूतननं पाणी, प्रकाश, हरितद्रव्य, मूळ, प्राणवायू असे शब्द मांडले आणि मग हात सवयीनं वळला. डावीकडून बाण गेला की उजवीकडूनही एक. नकाशा असा झाला की उंबऱ्यापुढं काढावा. मार्क? भोपळा.

"इतली देखनी रांगोई, आनि नापास?" आई रंभाबाई भडकली. "ती बाईले डोया सेत का?"

डोळे होते, तीच तर पंचाईत. मॅडमनी कागद सुधारायला एकदाच बोलावलं. आता चुकलं तर टर्म मिळणार नव्हती, म्हणजे वर्षच बुडालं. मैत्रीण प्रज्ञाला दाराबाहेर उभं करून नूतन आत गेली.

"प्रकाशाचा बाण मुळाकडे कशाला?"

"तिकडून हरितद्रव्याकडे गेला होता ना... मग इकडून नको?"

"व्याही आहेत का गं ते, दोघांना सारखा आहेर करायला? ज्या बाणाचं धड वाक्य होईल तो ठेव. बाकी खोड."

नूतन खोडू लागली. एकेक रेघ पुसताना जीव तुटत होता. प्राणवायूपासून मुळाकडे जाणाऱ्या बाणावर रबर टेकलं आणि थबकलं.

"हा राहू दे, मॅडम. मुळंही श्वास घेतात."

"घोकलंस?"

"नाही. आईनं डालड्याच्या डब्यातली तुळस मारली. पुण्य लागतं म्हणून उठता-बसता पाणी. माती नुसती चिखल. मुळांना हवाच मिळेना."

मॅडमनी हसू दाबलं. "आईला सांगितलंस हे?"

"मार खाऊ का?"

मॅडमनी बाणावर ते नातं लिहून घेतलं आणि खाली सही केली.

बाहेर प्रज्ञा नखं खात होती. "काय झालं गं?"

"सगळं खोडलं."

प्रज्ञाचा चेहराच उतरला. "अगं बाई! मग आता?"

"मग काय, टर्म मिळाली."